फवारलेलं गवत

बायकोला माहीत नाही. मुलीला माहीत नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती माझी माय रोज सकाळी माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पिते, तिलाही माहीत नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही तुम्हाला — ज्यांना मी ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही. करून पाहिलं आहे.

गोष्ट गवताची आहे. लॉनवरच्या कापलेल्या गवताची. हसू नका. मलाही बरीच वर्षं वाटत होतं, की एवढ्याशा गवताचं काय मोठंसं!

आम्ही अकोला जिल्ह्यातले. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट — घरातलाच कशाला, आमच्या वस्तीतलाही पहिलाच असेन. नोकरी केंद्र सरकारची लागली, बदल्या होत होत लखनौला आलो, आणि जानकीपुरममध्ये घर घेतलं. पुढे छोटंसं लॉन, कडेला भाजीपुरता वाफा — इकडे त्याला क्यारी म्हणतात — मागे आंब्याचं एक झाड. ज्या माणसाचं लहानपण एका खोलीत गेलं त्याला स्वतःचं लॉन असणं म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे पहिल्यापासून लॉन होतं त्यांना नाही कळायचं. मी पहिल्या रविवारी त्यावर नुसता उभा राहिलो होतो. बुटांसकट उभं राहायचं की काढून, हेही ठरत नव्हतं.

वडील गेल्यावर मायला घेऊन आलो. मायनं जन्मभर गवत कापलं. बांधावरचं, नाल्याकाठचं. भारे डोक्यावर घेऊन ती तालुक्याला जायची, आणि त्या भाऱ्यांवर मी शिकलो. हे मी लपवत नाही बरं का. उलट विहारात एप्रिलमध्ये कार्यक्रम असतो, मला दोन शब्द बोलायला सांगतात, तेव्हा मी हे दरवर्षी सांगतो. "माझ्या आईनं गवत कापून मला शिकवलं." टाळ्या पडतात. बायका पदरानं डोळे पुसतात. माय पुढच्या रांगेत बसलेली असते. मी कृतज्ञ आहे — खरंच आहे. पण व्यासपीठावर कृतज्ञ असणं किती सोपं असतं, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

ती एक गोष्ट नेहमी सांगायची. तालुक्याला एका मोठ्या घरी ती भारा टाकायची. फाटकाबाहेर टाकायचा, आत यायचं नाही. मग घरातली बाई तांब्या घेऊन यायची, भाऱ्यावर पाणी शिंपडायची, आणि मगच गडी तो गोठ्यात न्यायचा. माय एकदा तिला म्हणाली होती, "गायीले नाही बाटत बाई, अन् तुमाले बाटते? म्हंजे गायच तुमच्यापरीस शहाणी म्हणायची." ही गोष्ट सांगताना माय पोट धरून हसायची. आमच्या घरात दीक्षेनंतर देव गेले, पण मला वाटतं मायच्या मनातून ते पाणी त्याच्याही आधी गेलं होतं. माणसाच्या हातानं काही बाटत नाही — हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तिनंच मला शिकवलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

लखनौला आल्यावर मायला कळेना, की हे लोक गवत वाढवतात, कापतात आणि काळ्या थैलीत भरून फेकतात, ते कशासाठी? पहिल्या कापणीला लॉन कापायला येणाऱ्या भैयानं मशीन फिरवलं आणि थैली भरायला घेतली, तर मायनं ती त्याच्या हातातून ओढलीच. तेव्हापासून आमच्याकडचं गवत फेकलं गेलं नाही. ती ते आधी उन्हात पसरायची, कोमेजू द्यायची. ओलं गवत तसंच ढीग करून ठेवलं तर लगदा होतो आणि वास मारतो. मग आंब्याचा वाळका पाला, वर गवत, वर मूठभर माती, शेणाचं पाणी, पुन्हा पाला. चार-पाच दिवसांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. "ताप आला याले," म्हणायची खूश होऊन. आतून गरम झाला म्हणजे खत होतंय. गार पडला की काठीनं सगळा उलटा करायची. आणि उरलेलं वाळकं गवत भाजीच्या बुंध्याशी पातळ पसरायची, म्हणजे लखनौच्या त्या मे महिन्यातल्या लूमध्ये, गरम वाऱ्यांतही माती ओली राहते.

त्या क्यारीत तिनं काय काय काढलं! चवळी, भेंडी, दोडके, टमाटे. शेजारच्या तिवारी आंटी आधी भिंतीवरून नुसत्या बघायच्या. मग विचारू लागल्या. मग त्यांच्याही टमाट्यांना मायच गवत घालू लागली. मायला हिंदी धड येत नव्हती आणि आंटींना मराठी शून्य, पण दोघींचं भिंतीच्या अल्याड-पल्याड तासन्‌तास चालायचं. "अम्मा के हाथ में बरकत है भैया," आंटी मला म्हणायच्या. माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे अजून एक टोपली गवत जायचं.

सगळं चांगलं होतं. मग मी ते का बिघडवलं?

लॉनमध्ये घोळ उगवायची. मार्चपासून. तुम्हाला घोळ माहीत असेल — जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी, आंबट. डाळीत घातली की आमच्याकडे दुसरं काही लागत नाही. तांदुळजाही यायचा. लॉनवाल्यांच्या भाषेत हे सगळं तण. माय सकाळी उकिडवी बसून लॉनमधून घोळ खुडायची आणि ओच्यात भरायची.

आमच्या ऑफिसमध्ये होळीनंतर होली मिलन असतं, कुणाच्या तरी घरी. त्या वर्षी मला बढती मिळाली होती, तेव्हा आमच्या लॉनवर ठेवलं. लोक जमत होते. माझे एक वरिष्ठ सपत्नीक थोडे लवकरच आले आणि माय तेव्हा लॉनच्या कोपऱ्यात बसून खुडत होती. मॅडमनी पाहिलं. हसून म्हणाल्या, "अरे वाह! बकरी पाली है क्या आप लोगों ने?" सगळे हसले. मायला अर्थ कळला नाही, तीही हसली.

मीही हसलो. मोठ्यानं.

नुसतं हसलो असतो तर ते कदाचित विसरलोही असतो. पण ते वाक्य माझ्यात राहिलं. मॅडमचा राग नाही आला — मायचा आला. का बसते ही अशी? घरात भाजी मिळत नाही का हिला? इतकं शिकलो, इतकं केलं, आणि ही माझ्या लॉनवर गवत कापणारीसारखीच बसते. — "सारखीच"! बघा. ती गवत कापणारीच होती. याच वाक्यावर मी एप्रिलमध्ये टाळ्या घ्यायचो.

पुढच्या वर्षी पुन्हा होली मिलन आमच्याकडे ठरलं. मी निशातगंजच्या एका दुकानातून तणनाशक आणलं. दुकानदार म्हणाला, "साहब, दूब को कुछ नहीं होगा, बस चौड़े पत्ते वाला सब साफ़." म्हणजे हरळी राहील, रुंद पानांचं सगळं जाईल. मला तेच हवं होतं. माय विहारातल्या बायकांबरोबर बाहेर गेली होती तेव्हा मी स्वतःच्या हातानं फवारलं. आणि संध्याकाळी तिला सांगितलं, की लॉनवरची भाजी आता खुडू नको, गल्लीतली कुत्री आत येतात, घाण करतात. तिनं मान डोलावली. आठवड्याभरात घोळ वाकडी झाली, पिवळी पडली, गेली. लॉन गालिच्यासारखं दिसायला लागलं. होली मिलनला मॅडम म्हणाल्या, "लॉन तो आपने कमाल कर दिया." मी खूश झालो. हेही लिहितो, कारण ते खरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, औषध फवारलं, तेही आपल्या लॉनवर, त्यात कबूल करण्यासारखं काय? थांबा. अजून मी आलोच नाही तिथवर.

होली मिलनच्या आदल्या दिवशी गवत कापलं होतं. माय नेहमीप्रमाणे ते पसरत होती, वाळवत होती. मी बघत होतो. माझ्या मनात आलं — नक्की आलं, मी नाकारणार नाही — की हे गवत भाजीला घालणं बरं नाही. जे औषध घोळ मारतं, ते टमाट्याला सोडेल कशाला? चौड़े पत्ते वाला सब साफ़. टमाट्याचं पान काय निमुळतं असतं? पण तिला थांबवायचं तर का थांबवतोय ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, वाळल्यावर जोर जात असेल. असं स्वतःला म्हटलं आणि आंघोळीला गेलो.

तिनं ते गवत आपल्या क्यारीत घातलं. आणि एक टोपली भिंतीवरून तिवारी आंटींकडे.

टमाट्याची कोवळी पानं आधी द्रोणासारखी वळली. मग शेंडे पिळवटले, दोरी वळल्यासारखे. चवळीचंही तेच. दोडक्याच्या वेलानं जमिनीवर मान टाकली. आंटींकडे तर फुलावर आलेली टमाट्याची रोपं होती, ती सगळी गेली. माय रोज उठून बघायची. पानं उलटून किडे शोधायची, मुळं उकरून बघायची. पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. राख टाकली. माझ्याकडे बघून म्हणायची, "काय झालं असंल रे बापू?" आणि मी म्हणायचो, "बघू."

एका रविवारी सकाळी मी गेटपाशी पाइप घेऊन पाणी घालत होतो. माय सवयीनं आंटींच्या बाजूला वाकून त्यांच्या टमाट्याचं पान बघायला गेली. आंटी बाहेर आल्या. त्या वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांचं खरंच नुकसान झालं होतं आणि माझ्या तणनाशकाच्या बाटलीचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अम्मा, बुरा मत मानिएगा. अब हमारी क्यारी में हाथ मत लगाइएगा. किसी-किसी का हाथ… होता है न. हमारे यहाँ मानते हैं."

मायचा हात पानावर होता तसाच राहिला. हिंदी तिला धड येत नव्हती, पण हे वाक्य तिला कोणत्याही भाषेत कळलं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला होतो, साहेब होतो, एप्रिलमध्ये माइकवर समतेवर बोलणारा होतो. ती वाट बघत होती. तांब्या घेतलेल्या बाईला तिनं एकटीनं उत्तर दिलं होतं, पण ते ती तरुण असताना आणि स्वतःच्या भाषेत. इथं तिची भाषा मी होतो.

मी म्हणालो, "आंटी, इस बार मौसम ही ख़राब है." आणि पाइप दुसऱ्या कुंडीकडे वळवला.

पण तिनं तेव्हाही हार मानली नव्हती. हेच मला जास्त लागतं. तिनं आंटींचं म्हणणं मानलं नाही, ती कारण शोधायला लागली. दुपारी तिनं खताचा ढीग उपसला, गवत नाकाशी धरलं. जिन्याखाली पाण्याची मोटर असते, त्यामागे मी बाटली ठेवली होती, तिथवर ती वासानं पोचली असेल की अशीच, ते मला माहीत नाही. मी आत पेपर वाचत होतो. बायको माहेरच्यांकडे तेलीबागला गेली होती, आमच्या मुलीला, मिनूला घेऊन. माय दारात उभी राहिली, हातात ती बाटली. तिचा चेहरा — कसा सांगू? उजळला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हे वाच बरं. काय लिवलं हाय यावर? याचाच वास येते गवताले."

मी बाटली घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजीत आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, की फवारलेलं गवत कापल्यावर भाज्यांच्या किंवा फुलझाडांच्या मुळाशी घालू नये. इतकं स्पष्ट. मी ते आधी वाचलं नव्हतं. आता वाचलं. दोन्ही भाषांत वाचलं. माय समोर उभी होती, माझ्या ओठांकडे बघत. मी लहानपणी पहिल्यांदा दुकानाची पाटी वाचून दाखवली होती तेव्हा ती अशीच बघत उभी होती, म्हणे.

मी म्हणालो, "मुंग्यांचं औषध आहे, माय. घरात टाकायचं. बागेशी याचा काही संबंध नाही."

हे आहे ते. हेच सांगायचं होतं.

तिनं पुन्हा नाही विचारलं. माझ्या वाचण्यावर तिनं शंका घेणं शक्यच नव्हतं — त्या वाचण्यासाठी तर तिनं भारे वाहिले होते. बाटली माझ्या हातात तशीच होती. ती आपल्या तळव्यांकडे बघत हळूच म्हणाली, "मंग माह्या हातातच असंल काई."

तेव्हाही बोलता आलं असतं. दार उघडंच होतं, ती अजून तिथंच होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? रागावली असती? नाही. हसली असती, "काहून सांगतलं नाही रे येड्या" म्हणाली असती, बाटली घेऊन तडक आंटींच्या दारात गेली असती. पण मग तिनं विचारलं असतं — फवारलं काहून? घोळ तर मी खुडत होते. आणि तिला कळलं असतं. मला माझ्या मायची लाज वाटते, हे तिला कळणं मला चालणार नव्हतं. तिचा हात नासका आहे असं तिला वाटणं — ते चालणार होतं. मी दोन्ही तोलून पाहिलं आणि हे निवडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बाटली कॉलनीच्या कचराकुंडीत टाकली. मिनूला वाचता येतं म्हणून.

त्यानंतर मायनं क्यारीला हात लावला नाही. आधी मला वाटलं, रुसली असेल, येईल परत. मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. कैरीच्या लोणच्याला मीठ लावायचं तर ती बायकोला म्हणायची, "तूच लाव." विहारात मेणबत्ती लावायला बोलावलं तर शेजारच्या बाईला पुढं ढकलायची. मिनूनं शाळेसाठी कापसात हरभरे भिजत घातले आणि म्हणाली, "आजी, आप पानी डालो ना." माय दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. "तू टाक माय, मी पायते." कुणीतरी भाऱ्यावर पाणी शिंपडलं तेव्हा जी बाई हसली होती, ती आता स्वतःच स्वतःवर पाणी शिंपडत होती. जे त्या तालुक्याच्या घराला जन्मभर जमलं नाही ते माझ्या एका वाक्यानं झालं.

खताचं काम मी हातात घेतलं. ढीग वाया जातो म्हणून — असं घरात सांगितलं. तो जुना ढीग पोत्यांत भरून टाकून दिला, तणनाशक पुन्हा आणलं नाही, आणि मायनं केलं होतं अगदी तसंच करत गेलो. पसरायचं, कोमेजू द्यायचं, आंब्याचा पाला, माती, शेणपाणी. कोपरापर्यंत हात घालून ताप बघायचा. भाजी उत्तम येते. कॉलनीच्या ग्रुपवर मी लिहिलं, की लॉनचं गवत फेकू नका, असं असं खत करा. शेवटी हेही लिहिलं, की औषध मारलेलं गवत मात्र भाजीला घालू नका, रोपं पिळवटतात. तिवारी आंटींनी भिंतीवरून विचारलं, "भैया, यह आपको कैसे पता?"

मी म्हणालो, "कहीं पढ़ा था."

खोटं नव्हतं ते. त्यांनी काही जोडून पाहिलं नाही. माय तिथंच खुर्चीत होती, तिला ऐकू कमी येतं आता.

हे सगळं मी मराठीत लिहितोय, तेही तुमच्या लक्षात आलं असेल. माय वाचू शकत नाही. मिनूला मराठी कळते, वाचत नाही. आंटींचा तर प्रश्नच नाही. मी धीट झालोय असं समजू नका.

परवाची गोष्ट. ऊन चांगलं होतं, मायला लॉनवर बसवलं होतं. आंटींना या वर्षी माझं खत दिलं होतं, त्यांच्या टमाट्यांना घड लागलेत. त्या एक वाटी टमाटे घेऊन आल्या, मायच्या मांडीवर ठेवले, आणि तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "अम्मा, आपके बेटे के हाथ में तो बरकत है!"

माय हसली. मान डोलावली. आणि तिच्या मोडक्या हिंदीत, अभिमानानं म्हणाली, "हाँ, लड़के का हाथ अच्छा है. मेरे पे नहीं गया."

मी म्हणालो, "बस आंटी, आपका आशीर्वाद." आणि ढीग उलटा करत राहिलो.